करारात नसलेल्या

लग्न होऊन मी मुरगूडहून इकडे आले तेव्हा फौंड्री म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. नवरा तिथं फेटलिंगला होता. ओतून निघालेल्या कास्टिंगवर जे जादाचं लोखंड राहतं ते ग्राइंडरनं घासून काढायचं, हे त्याचं काम. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पापण्यांवरसुद्धा काळी धूळ असायची. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मीही त्याच फौंड्रीत लागले, कोअर शॉपमध्ये. पंपासारख्या वस्तूच्या आत जी पोकळी लागते ती राखायला साच्यात आधी वाळूचा एक आकार बसवतात. त्याला कोअर म्हणतात. वितळलेलं लोखंड त्याच्याभोवती ओततात, ते गार झालं की आतली वाळू फोडून टाकतात. आम्ही दिवसभर जे घडवायचो ते फोडण्यासाठीच असायचं, याची पहिले काही महिने मला गंमत वाटायची. मग हात बसला आणि गंमत संपली.

कोअर शॉपला सगळ्या बायकाच. आम्ही एकमेकींना माहेरच्या गावानं हाक मारायचो. मी मुरगूड. शेजारच्या टेबलावर कबनूर. तिच्या माहेरी सगळे मागावर कामाला, त्यामुळं यंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची तिला लहानपणापासून सवय. साधं बोलली तरी भांडतेय असं वाटायचं. सगळ्यांत थोरली निपाणी. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि दचकली की "यव्वा!"

बायकांच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. एक बाहेर उभी राहायची तेव्हा दुसरी आत जायची. सुपरवायझरला सांगून सांगून दमलो. शेवटी एका गेट मीटिंगला मी उभी राहिले आणि सगळ्या पुरुषांसमोर हे बोलले. हसतील असं वाटलं होतं, कुणी हसलं नाही. त्याच आठवड्यात कडी लागली, आणि पुढच्या निवडणुकीत युनियनच्या कमिटीवर मला घेतलं. कमिटीत मी एकटीच बाई. नवरा आधीपासून फौंड्रीत असल्यामुळं सगळे मला वैनी म्हणायचे. अध्यक्ष मोल्डिंगचा होता, धिप्पाड, आवाज खणखणीत. बैठकीत पहिला चहा माझ्यापुढं सरकवायचा. मला त्याचा आदर होता. हे मी आजही नाकारत नाही.

जुन्या मालकांनी कंपनी बाहेरच्या लोकांना विकली त्यानंतरच्या दिवाळीत जुना करार संपला. पगारवाढीच्या आमच्या मागण्या देऊन झाल्या होत्या. किती वाढ मिळेल याच्या गप्पा चालायच्या. कुणी गाडीचा हप्ता धरला होता, कुणी घरावर स्लॅब टाकायला काढला होता. आणि एका सकाळी फलकावर कंपनीची नोटीस लागली.

पहिल्यांदा कुणाला ती कळलीच नाही. मूळ पगार कमी. महागाई भत्ता गोठवला. तीन पाळ्यांच्या जागी दोन, म्हणजे बारा-बारा तास. कँटीन बंद. कामगारांची बस बंद. पुढं उभा असलेला एकजण मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "आरं, कागूद चुकलाय ह्यो. दुसऱ्या कंपनीचा हाय." मागचे पण हसले. मग तो खाली वाकून सही बघायला लागला. सरळ झाला तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण ते आता हसू नव्हतं. कुणी आरडाओरडा केला नाही. भोंगा झाला आणि आम्ही सवयीनं आत गेलो, आपापल्या जागी उभे राहिलो. कबनूर तेवढी पुटपुटत होती, "दिलेलं काडून घेत्यात? दिलेलं?"

नवऱ्याला धुळीचा खोकला आहे. आठ तास झाले की रात्री उशा लावून बसून झोपतो. बारा तास म्हणजे त्याच्यासाठी काय, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं होतं.

संप सुरू झाला. गेटसमोर मांडव पडला. पहिल्या दिवशी अध्यक्ष जोतिबाच्या डोंगरावर जाऊन गुलाल घेऊन आला. प्रत्येकाच्या कपाळाला स्वतः लावला आणि म्हणाला, "जोतिबाची आण हाय. एकबी माणूस मागं सुटणार न्हाय." आम्हा बायकांच्याही कपाळाला लावला. मी घरी गेल्यावर तो पुसला नाही, आपसूक जाईपर्यंत ठेवला.

त्या दिवसांत बायका मांडवात सगळ्यांच्या आधी येत आणि सगळ्यांच्या नंतर जात. घरून भाकरी बांधून आणायच्या आणि झुणका तिथंच मोठ्या पातेल्यात करायचा. एकदा कंपनीनं आतला तयार माल ट्रकनं बाहेर काढायचा घाट घातला. पुरुष घोषणा देत बाजूला उभे होते, पोलीस होते. निपाणी उठली, पदर खोचला आणि सरळ ट्रकच्या पुढं रस्त्यावर जाऊन बसली. मग आम्ही सगळ्याच बसलो. ट्रकचं इंजिन चालू होतं, त्याची धग तोंडावर येत होती. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मावशी, माझ्या पोटावर कशाला पाय देतासा?" निपाणी म्हणाली, "तुझ्या न्हाय रं बाबा. तू गाडी बंद कर, ये, भाकरी खा." ट्रक परत आत गेला. अध्यक्ष माईकवर म्हणाला, "आमच्या भगिनींनी आज संप वाचिवला." टाळ्या पडल्या. आम्ही लाजलो.

बोलणी सुरू झाली. पहिल्या बैठकांना मी कमिटीबरोबर आत गेले. कंपनीचा साहेब थंड डोक्याचा माणूस होता, "बाजारात टिकायचं तर" एवढंच फिरवून फिरवून बोलायचा. मग एका संध्याकाळी अध्यक्ष मला म्हणाला, "वैनी, तुमी जावा घरला. आज निस्तं किरकोळ बोलणं हाय." मी गेले. म्हशीची धार काढायची होती, मुलीची परीक्षा होती. नवरा उशिरा आला. मी वाढलं. त्यानं दुसरी भाकरी मागून घेतली. विचारलं, "काय कळलं का आतलं?" तर म्हणाला, "सकाळी सभा हाय. तितं कळंल."

सकाळी मांडव फुलून गेला होता. हलगीवाला बोलावला होता. हलगी बघूनच कळलं की मिटलं. पुढं सतरंजी टाकली होती आणि अध्यक्षानं आम्हा बायकांना मानानं पुढं बसवलं. पुरुष सगळे मागं उभे. अध्यक्षानं माईक हातात घेतला.

"पगार एक रुपायानं कमी हुणार न्हाय! तीन पाळ्या हाईत तशाच! कँटीन, बस, सगळं हाय तसं!"

हलगी कडाडली. निपाणीनं माझा हात धरून हवेत उंच केला. कबनूर रडत होती. मी मागं वळून नवऱ्याला शोधायला लागले, त्याचं तोंड बघायचं होतं मला. तेवढ्यात अध्यक्षानं हात वर करून हलगी थांबवली.

"एकच गोष्ट सोडावी लागली," तो म्हणाला, आणि त्याचा तो खणखणीत आवाज उतरला. "कोअर शॉप ठेकेदाराकडं जाणार. पयल्या तारखंपास्नं. तितल्या भगिनींचा हिसाब कंपनी करंल. ज्यास्नी काम करायचं हाय त्यांनी ठेकेदाराकडं जावं. जे बाजूनं हाईत त्यांनी हात वर करा."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मी निपाणीकडं बघितलं, तिचा माझ्या हातातला हात तसाच होता आणि तोंडावर अजून मघाचाच आनंद होता, कारण माईकवरचं मराठी तिला जरा उशिरा पोचायचं. हात वर करायला आम्हा पुढं बसलेल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते आमच्या डोक्यावरून मागच्यांशी चाललं होतं.

मी वळले. हात वर होते. मोल्डिंगचे, भट्टीचे, मशीन शॉपचे. माझ्या हातचा झुणका खाल्लेले, मला वैनी म्हणणारे. बरेचसे माझ्याकडं बघत नव्हते, मांडवाच्या छताकडं बघत होते. आणि फेटलिंगच्या घोळक्यात माझा नवरा. त्याचा हात पुरता वर नव्हता, खांद्याइतकाच होता. पण होता. आमची नजरानजर झाली. त्यानं हात खाली घेतला नाही.

"यव्वा!" निपाणीच्या तोंडून बाहेर पडलं. तिला आत्ता पोचलं होतं.

माझ्या कानात दडा बसला. समोर माणसं हलत होती आणि आवाज येत नव्हता. मी सतरंजीचा दोरा ओढत बसले होते, हे नंतर बोटाला गुंडाळलेला दोरा बघून कळलं. कबनूर उठली. तिला माईकची गरज कधीच नव्हती.

"एकबी माणूस मागं सुटणार न्हाय म्हणालतासा! आमी माणसात न्हाय व्हय?"

"ताई, ऐका. तुमची काय तरी येगळी सोय बघू."

"सोय? ट्रकफुडं बसलो तवा सोय बघितलीसा व्हय आमची?"

कुणीतरी हलगीवाल्याला खूण केली आणि हलगी परत वाजायला लागली.

मी घरापर्यंत चालत गेले. संप मिटला म्हणून कंपनीनं बस सोडली होती, तिच्यात चढले नाही. नवरा आधीच पोचला होता आणि ओट्यावर बसला होता. मी पाणी प्याले आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

"तुमास्नी कवा कळालं?" मी विचारलं.

"काय?"

"मी काय इचारतीय ते कळतंय तुमास्नी."

तो खाली बघत होता. "काल सांजचं. सगळ्यास्नी बोलीवलतं. तुमा बायकास्नी सोडून."

तोपर्यंत मला वाटत होतं, त्याला मांडवातच कळलं असेल, घाबरून त्यानं हात वर केला असेल. घाबरलेल्या माणसाला मी समजून घेतलं असतं. पण त्यानं आदल्या रात्री माझ्या हातचं जेवण केलं होतं. दुसरी भाकरी मागून घेतली होती. मी विचारलेलं असताना सकाळी कळेल म्हणाला होता.

"मला इचारायचं तरी," मी म्हणाले.

"इचारलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस."

"मग?"

"म्हणून न्हाय इचारलं."

तो हे अगदी सरळ बोलला. मग खोकला आला त्याला. खोकून झाल्यावर म्हणाला, "मला बारा तास जमणार न्हाईत. मरीन मी. घरात एकाचा तरी पगार ऱ्हाईल की. तुलाबी जरा इस्रांती."

विश्रांती. तो शब्द त्यानं मनापासून वापरला होता. तेच मला सोसेना. मी घागर उचलली आणि म्हशीला पाणी दाखवायला गोठ्यात गेले, आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले. रडू आलं नाही. खूप दिवस आलं नाही.

त्या दुपारी करारावर सह्या झाल्या. माझी सही घ्यायला कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. पहिली तारीख यायला अवकाश होता, तोवर आम्ही हजेरीवर होतो. आम्ही आत गेलो, हजेरीचं कार्ड पंच केलं, आपापल्या टेबलाशी बसलो. ठरवून आलो होतो असं नाही. बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नव्हतं. निपाणीनं वाळूत हात घातला, मूठभर वाळू उचलली, बघितली, परत सोडली आणि हात मांडीवर ठेवले. मग मीही ठेवले. मग सगळ्यांनीच.

संपाआधीच्या कोअर ओल धरून वाया गेल्या होत्या. नवीन कोअर मिळाल्याशिवाय साचे भरता येत नव्हते, आणि साचे नाहीत तर भट्टीतलं लोखंड ओतायचं कशात? जेवणाच्या सुट्टीपर्यंत मोल्डिंगची लाइन बंद पडली. फौंड्री इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती.

साहेब आला. "हे बेकायदा आहे. सगळ्यांना सस्पेंड करीन."

"करा की," कबनूर म्हणाली. "पयल्या तारखंला आमी तुमच्या न्हाईच."

मग अध्यक्ष आला. त्याचा चेहरा रात्रभर झोप न झाल्यासारखा होता. माझ्यासमोर स्टूल ओढून बसला.

"वैनी, करार मोडायला लागलाय. एवड्या कष्टानं मिळीवलाय."

"आमी त्या करारात न्हाय की," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "तुमी आमास्नी काडून करार केलासा. मग आमी कसा मोडणार?"

"तुमी कमिटीत हाईसा."

"किरकोळ बोलण्याला मला घरी धाडलासा तवा कमिटीत हुते का?"

तो उठून गेला. मग मोल्डिंगचे पुरुष दारात जमले. संप आत्ता कुठं मिटलाय, परत उपाशी मारताय का, असं बोलायला लागले. कुणीतरी माझ्या नवऱ्याला बोलावून आणलं. "सांग की तुज्या बायकूला!"

तो दारात उभा राहिला. हातात ग्राइंडिंगचे हातमोजे होते. मला वाटलं, आता हा मला काहीतरी बोलणार, आणि मग आमच्यात काहीच उरणार नाही.

तो म्हणाला, "मी न्हाय सांगणार." आणि परत गेला.

थोड्या वेळानं फेटलिंगची चार-पाच माणसं येऊन कोअर शॉपच्या दारात आमच्या बाजूनं तोंड करून बसली. त्यांनीही आदल्या दिवशी हात वर केला होता. माझा नवरा त्यांच्यात नव्हता.

असं आम्ही तीन-चार दिवस बसलो. पगार कापला जाणार होता, तो कापला गेलाच. शेवटी कोल्हापुरात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सगळ्यांना बोलावलं. तिथल्या बाई अधिकाऱ्यांनी करार वाचला आणि अध्यक्षाला विचारलं, "ज्यांच्या नोकऱ्या जाणार त्यांचं मत तुम्ही घेतलंत का?" अध्यक्ष म्हणाला, "सभेत बहुमत झालं." बाईंनी आमच्याकडं बघितलं. "तुम्ही सभेत होतात?" निपाणी म्हणाली, "व्हतो की. सगळ्यात फुडं."

परत बोलणी झाली. या वेळी मी आत बसले आणि उठले नाही. कोअर शॉपमधल्या आम्ही ज्या होतो त्या निवृत्तीपर्यंत कायम राहणार, असं ठरलं. पण रिकाम्या होणाऱ्या जागा ठेकेदारच भरणार. पगार आणि तीन पाळ्या राहिल्या. आमच्या जागांच्या बदल्यात कँटीन गेलं, बस गेली. पुरुषांपैकी काहीजण अजून म्हणतात, बायकांपायी कँटीन गेलं. डबा उघडताना ऐकू येईल असं म्हणतात.

घरात आम्ही दोघंही राहिलो. कुठं जाणार होतो? मी भाकरी केली, त्यानं म्हशीला वैरण घातली. मुलीला सगळं कळलं होतं, ती आमच्या दोघांच्या मध्ये बसून जेवायची. पावसाळ्याच्या आसपास एका रविवारी आम्ही शेंगा फोडत बसलो होतो. तो मधेच म्हणाला, "मला वाटलं हुतं, तू फुडं बसलियास. मागं बघणार न्हाईस."

मी शेंगा फोडत राहिले. म्हणजे मी बघितलं नसतं तर हात वर केल्याचं त्यानं मला सांगितलंच नसतं. कधीच नाही. इतक्या दिवसांनी मला तो मांडवातला धक्का पुन्हा पहिल्यासारखा बसला. आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की हे त्यानं मला सांगायची काही गरज नव्हती, कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. मी म्हणाले, "शेंगांची पाटी इकडं द्या." त्यानं दिली. त्या दिवशी मला रडू आलं.

निपाणी गेल्या वर्षी निवृत्त झाली. तिच्या टेबलावर आता ठेकेदाराची एक बाई येते. राधानगरीकडची आहे, तरुण, लहान मूल सासूकडं ठेवून येते. आमच्यासारखंच काम करते, आमच्याइतकंच, आणि पगार आमच्या निम्मा घेऊन जाते. कबनूरनं तिला कोअर न मोडता कापडावर कशी टेकवायची ते ओरडून ओरडून शिकवलं. बिचारीला पहिले दिवस वाटायचं, ही रागावलीय.

मी अध्यक्षाकडं गेले. निवडणुकीत तोच परत निवडून आला आहे, मीही आले आहे. म्हणाले, हिला युनियनचं कार्ड द्या. तो हसला, थकल्यासारखा.

"वैनी, तिला घेतलं तर ठेकेदाराच्या सगळ्यास्नी घ्यावं लागंल."

"व्हय."

"आपली कायम माणसं ऐकणार न्हाईत. सभेत घेऊ म्हणलं तर हात वर करणार न्हाईत."

"मांडून तर बघा. तिलाबी बसवा सभेत. आणि हे बघा, तिला फुडं बसवू नगासा. मधी बसवा, समद्यांच्यात."

चहा आला होता, त्यानं पहिला कप माझ्यापुढं सरकवला, जुन्या सवयीनं. मी घेतला आणि तो काय म्हणतो याची वाट बघत बसून राहिले.